सकाळचे साडेआठ आणि दूरचा समुद्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिरोंच्याहून समुद्र किती लांब आहे, हा प्रश्न मी गडचिरोली जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मुलांना बऱ्याचदा विचारतो. मुलं लगेच मुंबईचा विचार करतात. 'हजार किलोमीटर', 'बाराशे' अशी उत्तरं येतात. मग मी नकाशावर पट्टी ठेवायला सांगतो. मुंबईचा किनारा सरळ रेषेत साधारण साडेसातशे किलोमीटर भरतो. पण पट्टी पूर्वेकडे फिरवली, की काकिनाड्याचा किनारा सव्वातीनशेच्या आसपासच सापडतो. मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. महाराष्ट्राचा समुद्र म्हणजे अरबी समुद्र हे आपण इतकं पाठ केलेलं असतं, की आपल्या जिल्ह्याचा समुद्र वेगळा असू शकतो हे ध्यानातच येत नाही.

आपल्या नद्यांना मात्र ते ठाऊक आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होतात, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, पुढे इंद्रावती येते आणि हे सगळं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. गोऱ्या साहेबालाही ते ठाऊक होतं. आर्थर कॉटन यांनी १८६०च्या दशकात गोदावरीतून थेट वर्ध्याच्या खोऱ्यापर्यंत बोटी आणायचा बेत केला होता. कापूस त्या वाटेनं समुद्रावर न्यायचा होता. नदीतल्या खडकांच्या धोंडी फोडता फोडता पैसा संपला आणि १८७१ साली ते काम गुंडाळलं गेलं. बोटी आल्या नाहीत. पण त्याच दिशेनं, उलट्या वाटेनं, दर पावसाळ्यात एक पाहुणा येतोच. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतं, छत्तीसगड ओलांडतं आणि दोन-तीन दिवसांनी आपल्याकडे झडी लागते. कोकणाला आणि घाटाला पाऊस देतो तो अरबी समुद्र. आपली रोवणी मात्र बहुतांशी या पूर्वेकडच्या पाहुण्यावर अवलंबून असते, आणि आपले पूरही.

आता मुद्द्याचा प्रश्न असा, की जिथे माणूस नाही, घर नाही, तारेचा खांब नाही अशा भर समुद्रात दाब कमी झाला, हे जमिनीवरच्या माणसाला कळतं कसं? आज उपग्रह आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी? त्याचं उत्तर बोटींवरच्या बिनतारी यंत्रात आहे. आणि त्याची सुरुवात, जरा चमत्कारिक वाटेल, पण हवामानापासून न होता घड्याळापासून झाली.

भर समुद्रातल्या कप्तानाला दोन गोष्टी हव्या असतात. आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत, हे सूर्य किंवा ध्रुवतारा किती उंचीवर आहे त्यावरून काढता येतं. पूर्व-पश्चिम मात्र आकाश एकटं सांगू शकत नाही. त्यासाठी घड्याळ लागतं. पृथ्वी २४ तासांत एक फेरी मारते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपल्या डोक्यावर दुपार झाली तेव्हा ग्रिनिचला किती वाजले होते हे कळलं, की आपला रेखांश मिळाला. पण घड्याळ अवघ्या ४ सेकंदांनी चुकलं, तर विषुववृत्तावर बोटीची जागा एका सागरी मैलानं चुकते. अंधाऱ्या रात्री, खडकाळ किनाऱ्याजवळ, एक मैल म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

म्हणून बंदरात घड्याळ जुळवून घेण्याची सोय असे. ग्रिनिचच्या वेधशाळेवर १८३३ पासून रोज ठरलेल्या क्षणी एक मोठा गोळा खांबावरून खाली सोडत. बंदरातले कप्तान दुर्बीण लावून तो क्षण टिपत. आपल्या मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये उभारली, ती मुळात ताऱ्यांसाठी आणि जहाजांना वेळ पुरवण्यासाठीच. मुंबई बंदरातही असाच गोळा पडे. हीच ती वेधशाळा, जिचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी, विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून, चुंबकीय निरीक्षणं वेळेवर अलिबागला हलवली.

आणि हे फक्त बोटींपुरतं नव्हतं बरं का. जमिनीचा नकाशा काढायलाही हीच विद्या लागते. आपल्या शेजारी, वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. मद्रासपासून त्रिकोण मोजत मोजत हिंदुस्थान उत्तरेकडे मापत निघालेला हा माणूस २० जानेवारी १८२३ रोजी तिथे वारला. एव्हरेस्टचं नाव शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. ज्याच्या हाताखाली एव्हरेस्ट शिकला, तो आपल्या पायाशी झोपलेला आहे, हे वर्धा-चंद्रपूरच्या लोकांनाही फारसं ठाऊक नाही.

बंदर सोडलं की मात्र कप्तान एकटा. पेटीतलं क्रोनोमीटर दिवसाला किती सरकतं याचा अंदाज बांधत राहायचं. आणि वादळाचं तर विचारूच नका. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं. समुद्राच्या लाटेनं हुगळीच्या मुखाकडची वस्ती धुऊन नेली, माणसं हजारोंनी मेली, बंदरातल्या बोटी एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदराला वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. किनाऱ्यावरच्या गावांतून तारेनं आकडे यायला लागले. कुठल्या गावी वायुभार उतरतो आहे, वारा कुठून वाहतो आहे, यावरून समुद्रात काहीतरी शिजतंय असा तर्क करायचा. जणू बंद खोलीच्या दाराला कान लावून आत काय चाललंय ते ओळखायचं.

खोलीच्या आत काय घडलं, हे कळायचं ते नंतर. वादळातून वाचलेली बोट बंदराला लागली, की तिची रोजनिशी मागवून घेत आणि तिच्यातले दाब-वाऱ्याचे आकडे नकाशावर मांडत. असे सुंदर नकाशे त्या काळात तयार झाले. वादळ कसं फिरतं, कुठून कुठे जातं, हे शास्त्र त्यातूनच उभं राहिलं. पण ते शवविच्छेदनासारखं होतं. रोग्याला त्याचा उपयोग नव्हता.

बिनतारी संदेश आले तेव्हा हे बदललं. आपल्याकडे १९०२ मध्ये हुगळीच्या मुखाशी, सागर बेट आणि सँडहेड्स यांच्या दरम्यान बिनतारी संदेशवहन सुरू झालं. मधे वाळूचे दांडे आणि खवळलेलं पाणी, तिथे तार टाकणार कुठे? तिकडे अमेरिकेच्या आरमारानं १९०३ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून वेळेचे ठोके हवेतून पाठवून पाहिले. जर्मनीच्या नॉर्डडाइख स्थानकानं तेच केलं. २३ मे १९१० पासून पॅरिसचा आयफेल मनोरा रोज वेळ सांगू लागला. आयफेल मनोरा खरं तर वीस वर्षांनी पाडायचा होता. तो टिकला याचं एक मोठं कारण बिनतारी यंत्र, हे तिथे फोटो काढणाऱ्या आपल्या पर्यटकांना कुणीतरी सांगायला हवं.

सगळ्यांत नीटनेटकी पद्धत बसवली ती अमेरिकी आरमाराच्या आर्लिंग्टन स्थानकानं. वॉशिंग्टनजवळचं हे स्थानक १९१३ मध्ये रीतसर सुरू झालं. त्याच्या ठोक्यांची रचना मला फार आवडते, म्हणून थोडी तपशिलानं सांगतो. दुपारच्या बाराला पाच मिनिटं कमी असताना ठोके सुरू होत, दर सेकंदाला एक. ऐकणाऱ्याला आपण मिनिटात कुठे आहोत हे कळावं म्हणून प्रत्येक मिनिटातला एकोणतिसावा ठोका गाळलेला असे. मिनिटाचे शेवटचे पाच ठोकेही गाळलेले. अखेरच्या मिनिटात मात्र शेवटचे दहा सेकंद पूर्ण शांतता, आणि मग बरोबर बाराला एक लांब सूर. सुरावर घड्याळ लावायचं. वेळ सांगायची ती आवाजानं नाही, तर गाळलेल्या आवाजांनी! तबलजी सम येण्याआधी जशी जागा सोडतो, तसंच काहीसं. कानावर हेडफोन चढवून, समुद्राच्या खरखरीतून हे ठोके मोजत बसलेला एखादा विशीतला खलाशी मला डोळ्यांसमोर दिसतो. किनाऱ्यापासून शेकडो मैल आत असलेल्या गावांतल्या घड्याळजींनीही हे ठोके ऐकण्यासाठी यंत्रं घेतली. आरमारानं बोटींसाठी लावलेला दिवा गावातल्या माणसालाही उजेड द्यायला लागला, तो असा.

१५ जुलै १९१३ पासून याच स्थानकानं रात्री, वेळेचे ठोके संपले की लगेच, हवामान सांगायला सुरुवात केली. मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये लांबलचक वाक्यं कोण लिहून घेणार? म्हणून एका ठिकाणासाठी एक-दोन अक्षरं आणि पुढे पाच आकडे. पहिले तीन आकडे वायुभाराचे, चौथा वाऱ्याच्या दिशेचा, पाचवा त्याच्या जोराचा. एच म्हणजे हॅटरस, के म्हणजे की वेस्ट, बी म्हणजे बर्म्युडा. एवढ्या आठ-दहा गटांवरून कप्तानाला आपल्या टेबलावर अख्ख्या किनाऱ्याचा नकाशा काढता येई.

आधी वेळ, मग हवामान हा क्रम माझ्या मते योगायोगाचा नाही. हवामानाचा नकाशा म्हणजे अनेक ठिकाणांनी एकाच क्षणी आकाशाकडे बघणं. एकानं सकाळी पाहिलं, दुसऱ्यानं दुपारी, तर त्या आकड्यांतून वादळ दिसत नाही. दिसतो तो गोंधळ. लग्नातल्या फोटोसारखं आहे ते. सगळ्यांनी एकाच वेळी कॅमेऱ्याकडे पाहिलं पाहिजे.

आणि हिंदुस्थानात 'एकच वेळ' ही तर मोठी भानगड होती. कलकत्त्याची वेळ ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१, मुंबईची ४ तास ५१. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला! घड्याळाचे काटे ३९ मिनिटं पुढे म्हणजे गिरणी कामगाराला तेवढं लवकर, अंधारात उठणं आलं. गिरणीत संप झाला, सभा झाल्या, सह्या झाल्या. मुंबईच्या महापालिकेनं आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळच ठेवली. त्या शहरात 'टाइम कुठला, बॉम्बे की स्टँडर्ड?' असा प्रश्न १९५०च्या दशकापर्यंत विचारला जात होता.

आपल्या चांद्यात एवढा आरडाओरडा व्हायचं कारणच नव्हतं. थोडा हिशेब करून बघा. चंद्रपूरचा रेखांश साधारण ७९ अंश १८ मिनिटं, मद्रासचा सव्वाऐंशीच्या जवळ. फरक जेमतेम चार मिनिटांचा. सिरोंचा आणि गडचिरोली तर मद्रासपासून एका मिनिटाच्या अंतरावर आहेत. म्हणजे वरोऱ्याच्या कोळशासाठी आलेली रेल्वे मद्रासच्या घड्याळानं धावत होती, तेव्हा ती जवळजवळ आपल्याच सूर्यानं धावत होती. नवी प्रमाणवेळ आली आणि चांद्याचं घड्याळ सूर्याच्या सरासरी तेरा मिनिटं पुढे गेलं. आजही चंद्रपुरात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीनं बारा वाजून तेरा मिनिटांनी. मुंबईत त्याला बारा एकोणचाळीस होतात. हा सव्वीस मिनिटांचा फरक आपण एका राज्यात राहून विसरलो आहोत. हिवाळ्यात गडचिरोलीच्या मुलाला शाळेतून घरी जाताना लवकर अंधारतं, त्याचं एक कारण हे आहे.

आरंभीच्या काळात हवामानाची निरीक्षणं त्या त्या गावच्या स्थानिक वेळेप्रमाणे होत. सूर्याच्या दृष्टीनं ते बरोबर होतं, वादळाच्या दृष्टीनं नव्हतं. बोटींकडून बिनतारीनं आकडे येऊ लागले, तेव्हा बोटीचं घड्याळ ग्रिनिचचं आणि जमिनीचं घड्याळ गावचं, हा खेळ चालण्यासारखा नव्हता. सगळ्या जगालाच एका ठोक्यावर यावं लागलं. पॅरिसमध्ये १९१२ मध्ये वेळेच्या बिनतारी संदेशांसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे आयफेल आणि आर्लिंग्टन यांनी अटलांटिकच्या दोन बाजूंनी ठोके अदलाबदल करून पॅरिस व वॉशिंग्टनमधला रेखांशाचा फरक मोजला. लॅम्बटननं जे साखळ्या आणि त्रिकोणांनी आयुष्य घालवून केलं, ते आता कानानं होऊ लागलं.

इकडे १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती मनोऱ्याची इमारत पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणून ओळखतात. मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या किनारी बिनतारी केंद्रांनी बोटींचे आकडे उचलायचे, तारेनं पुण्याला पाठवायचे. पुण्यात नकाशा भरायचा आणि धोका दिसला तर उलट वाटेनं बंदरांना आणि बोटींना सावध करायचं. कोकणातला 'तीन नंबरचा बावटा' त्यातलाच. विदर्भातला माणूस पेपरमध्ये बावट्याची बातमी वाचून पान उलटतो. पण विशाखापट्टणम किंवा गोपाळपूरच्या बंदरावर बावटा लागला असेल, तर ती बातमी त्याचीही आहे. पऱ्हे उपटून ठेवलेले असोत की कापलेलं धान बांधीत पडलेलं असो, दोन दिवसांची आगाऊ सूचना म्हणजे वर्षाची कमाई असते.

या व्यवस्थेचं मोल कळलं ते ती बंद पडली तेव्हा. दुसऱ्या महायुद्धात बोटींनी तोंड मिटलं. बिनतारीवर बोललं की शत्रूच्या पाणबुडीला पत्ता लागतो. हवामानाचे आकडे गुप्त झाले, कारण विमानहल्ला करायला स्वच्छ आकाश कुठे आहे हे शत्रूलाही हवंच असतं. १ सप्टेंबर १९४२ पासून देशाची घड्याळंही तासभर पुढे सरकवली गेली, ती १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली. आपल्या जिल्ह्यात त्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलेलं. आणि त्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९४२ रोजी, बंगालमधल्या मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. हजारो माणसं आणि त्याहून कितीतरी जास्त जनावरं गेली. ही बातमीसुद्धा सेन्सॉरनं काही दिवस दाबून ठेवली. वादळ शत्रूला कळू नये म्हणून आपल्याच माणसांपासून लपवायचं! युद्धात असले हिशेब बरोबर ठरवले जातात. मला ते कधीच पटलेले नाहीत.

नागपूरला आकाशवाणीचं केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. तोवर आमच्या भागात रेडिओ म्हणजे फार तर मोठ्या साहेबाच्या बंगल्यातली वस्तू. ट्रान्झिस्टर आले आणि चित्र पालटलं. माझे बाबा १९७०च्या दशकात सिरोंच्याला शिक्षक होते. आमच्याकडे नागपूरपेक्षा हैदराबाद स्वच्छ लागायचं, त्यामुळे तेलुगू गाणी आम्हाला अर्थ न कळता पाठ असत. सेल महाग. ते संपत आले की आई उन्हात वाळत घालायची, कुरडयांच्या शेजारी. रेडिओ फक्त बातम्यांपुरता लागे, पण बातम्यांच्या आधी अर्धा मिनिट तरी लागलाच पाहिजे हा बाबांचा दंडक. कारण ते ठोके. पीप, पीप, पीप... शेवटच्या ठोक्यावर बाबा मनगटावरच्या एचएमटीची चावी आत दाबत आणि मग शाळेची घंटा त्या घड्याळावर.

तहसील कचेरीतले एक कारकूनकाका पावसाळ्यात रोज आठच्या हिंदी बातम्यांच्या आधी आमच्या ओसरीवर हजर होत. चहासाठी येतात असं मला वाटायचं. ते यायचे घड्याळ लावायला. त्यांच्याकडे पर्जन्यमापकाचं काम होतं. कचेरीच्या आवारात तारेच्या कुंपणात ते यंत्र बसवलेलं. बरोबर साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि तार करायची. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या लागत. आणीबाणी आली, उठली, सरकारं बदलली, पण जून ते सप्टेंबर काकांनी सकाळच्या मराठी बातम्या कधी ऐकल्या नाहीत. 'तुम्ही सांगा, मास्तर, काय झालं ते,' असं संध्याकाळी बाबांना विचारत.

साडेआठच का, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, 'वरून तसा हुकूम आहे.' खरं उत्तर मला भूगोल शिकताना मिळालं. भारतीय वेळेचे साडेआठ म्हणजे ग्रिनिचचे तीन. सिरोंच्याला काका काचेचं माप डोळ्यांसमोर धरत, त्याच क्षणी देशभरच्या वेधशाळांमध्ये वायुभार वाचला जात होता आणि उपसागरातल्या बोटींवरही एखादा अधिकारी तेच करत होता. काकांना समुद्र बघायला मिळाला होता की नाही, कोण जाणे. पण रोज सकाळी एका क्षणापुरते ते त्या बोटवाल्याच्या रांगेत उभे असत.

या साडेआठच्या नेमामुळे गावात वादही होत. पाऊस काल दुपारी पडला, मग आजच्या नावावर का? कारण पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. काल सकाळी पावणेनऊपासून पडलेलं पाणी आजच्या खात्यात. पीकविमा आणि अतिवृष्टीच्या मदतीचे निकष आले, तेव्हापासून हा प्रश्न गमतीचा राहिलेला नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, असा नियम. समजा, पहाटे चारपासून दुपारपर्यंत एकच सर कोसळली आणि तिचे साडेआठला दोन तुकडे पडले, चाळीस इकडे आणि चाळीस तिकडे. बांधी वाहून गेली, पण कागदावर अतिवृष्टी नाही. घड्याळाची शिस्त शास्त्राला हवीच, नुकसान ठरवताना मात्र ती आंधळेपणानं लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोटींवरचा मोर्स आता थांबला. १ फेब्रुवारी १९९९ पासून समुद्रावरच्या सुरक्षेसाठी उपग्रहांवर आधारलेली जागतिक पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि बिनतारी ऑपरेटर हा पेशाच संपला. हवामानाचा इशारा आता बोटीवर आपोआप छापून निघतो. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा 'एटीए' या नावानं लघुलहरींवर ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झला सेकंदाचे ठोके पाठवत असे. हौशी मंडळी ते रात्री शोधत बसत. आता मोबाइल स्वतःच घड्याळ लावून घेतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे वीज पडण्याची सूचना देणारं अॅप २०१८ पासून आहे, आणि रोवणीच्या दिवसांत उघड्या बांधीत वाकलेल्या बायकांसाठी ते फार मोलाचं आहे. अर्थात, रेंज असली तर.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस हीच अडचण दिसली. उपसागरातून आलेल्या कमी दाबानं मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये प्रचंड पाऊस झाला. गोसीखुर्द धरणाचे तेहेतीसही दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगा ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोलीच्या गावांत शिरली. नदीच्या मधोमध असलेल्या लाडजसारख्या गावाला पाण्यानं चोहोबाजूंनी वेढलं. त्या दिवसांत आमच्याकडे आकाशात पाऊस फारसा नव्हता. पूर आला तो दुसऱ्याच्या पावसाचा. अशा वेळी 'सावध राहा' एवढं सांगून भागत नाही. पाणी किती वाजता सुटलं आणि आपल्या गावाच्या पुलाला किती वाजता लागणार, हे तास-मिनिटांत हवं असतं. तेवढ्या अवधीत जनावरं सोडायची, धान्य माळ्यावर चढवायचं आणि म्हाताऱ्या माणसांना उचलून न्यायचं असतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागड दर पावसाळ्यात तुटतं, तिथल्या लोकांचा अनुभव काही वेगळा नाही.

आर्लिंग्टनचा तो रात्रीचा संदेश पाच आकड्यांचा होता. पण तो रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं येत असे, कोणी ऐको न ऐको. ऐकणाऱ्याला शोधत बसावं लागत नव्हतं. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पावसाळ्यात रोज ठरलेल्या वेळी, पाणी असो वा नसो, वरच्या धरणाचा आकडा आणि तास वाचून दाखवला, तर त्याला खर्च किती येईल? मी हा विषय दोन-तीन बैठकांत काढला. एका सरपंचबाईंनी लगेच विचारलं, 'रोज वाचायचं म्हणता, पण वाचणाऱ्याचं घड्याळ कोण लावून देणार?' सगळे हसले. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. त्यांच्या गावात आता सकाळी साडेआठला पाणीपुरवठ्याचा शिपाई भोंग्यावर आकडा वाचतो. पावसाळा सोडून इतर दिवशी गोसीखुर्दऐवजी बाजारभाव असतात.

आज रविवार. उद्याच्या पेपरमध्ये जिल्ह्याच्या पावसाचे आकडे छापून येतील. त्यात सिरोंच्यासमोर जो आकडा असेल, तो आज सकाळी साडेआठला बंद झालेल्या दिवसाचा असेल. आज दुपारी तुमच्या अंगणात सर आलीच, तर ती पाहायला मंगळवारचा पेपर घ्यावा लागेल.